नखरे म्हणू नका, माप घ्या!



व्यक्ती तितक्या प्रकृती, असं आपण म्हणतो. पण कपड्यांच्या बाबतीत ते विसरतो. जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी चोखंदळ माणूस असतो. नवी पँट आणली की तो म्हणतो, "खाली गोळा होतेय." उंची कमी करून आणली की, "आता आखूड वाटतेय." मग सगळे म्हणतात, "याचे नखरे काही संपायचे नाहीत!"

या 'नखरे' शब्दालाच माझी हरकत आहे. चोखंदळ माणसाला काहीतरी खरंच जाणवत असतं. फक्त ते त्याला मापात सांगता येत नाही, आणि आपण मापात विचारत नाही. "कसंतरीच होतंय" हे काही माप नव्हे. "उजवा पाय २ सेंटिमीटर वर घ्या" हे माप आहे. पहिल्या वाक्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर काम होतं.

आजीचंच उदाहरण घ्या. "गाऊन पायात येतो," असं ती चार वेळा म्हणते आणि आपण हसून सोडून देतो. पण जिना चढताना लांब कपड्यावर पाय पडला तर आजी पडू शकते. त्या वयात पडणं म्हणजे साधी गोष्ट नाही. तिची कुरकुर म्हणजे धोक्याची सूचना असते. म्हणून 'नखरे' म्हणायच्या आधी टेप हातात घ्या.

माप कसं घ्यायचं? कपडा पलंगावर पसरून नव्हे, तर माणसाच्या अंगावर. सुती कपडा नवा असेल तर आधी एकदा धुऊन घ्या, कारण तो आटतो. ज्या चपला किंवा बूट त्या कपड्यावर वापरायचे, तेच पायात हवेत. पँट नेहमी जिथे बसते तिथेच कमरेवर बसवा. माणसाने सरळ समोर बघावं. तो खाली वाकून बघू लागला की माप बदलतं. दोन्ही पायांची उंची वेगवेगळी मोजा. अनेकांच्या उभं राहण्यात थोडा फरक असतो, म्हणून एक बाजू लांब वाटते. म्हणजे ती तक्रारही खरी निघते!

आता टाचण्या लावा आणि त्या माणसाला चालायला, बसायला सांगा. टाचण्या जपून, टोकं बाहेरच्या बाजूला. "बरोबर आहे का?" याचं उत्तर 'हो' आलं की धावदोरा घाला. कात्री सगळ्यात शेवटी. पँट ३ सेंटिमीटर वर घ्यायची असेल, तर नवी घडी जुन्या घडीच्या ३ सेंटिमीटर वर येईल. घडीच्या खाली दुमडीसाठी ४ आणि आत मुडपायला १, असं ५ सेंटिमीटर कापड ठेवून उरलेलं कापा. वाढत्या मुलाची पँट असेल तर कापूच नका. सगळं आत दुमडा. पुढच्या वर्षी टाके उसवले की उंची वाढवता येते. घेरदार घागरा मात्र एक रात्र टांगून ठेवा आणि मग मापा, कारण त्याचं तिरपं कापड वजनाने खाली ओढलं जातं. हातशिलाई करताना सुईने बाहेरच्या कापडाचा एखाद-दुसराच धागा उचला, म्हणजे टाका वरून दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, "पण काही माणसांचं समाधान कधीच होत नाही, त्यांचं काय?" खरं आहे. त्यांच्यासाठी माझा एक नियम आहे: टाचण्या लागेपर्यंत कितीही वेळा बदला; एकदा 'हो' म्हटल्यावर पुढचा बदल ज्याचा त्याने करायचा. सुई-दोरा त्याच्याच हातात द्या. एक पाय उसवून पुन्हा शिवायला किती वेळ लागतो हे कळलं, की माणूस आपोआप नेमकं बोलायला लागतो.

आणि हो, हे काम फक्त आईचं किंवा ताईचं नाही. तक्रार बाबांची आणि सुई मात्र आईच्या हातात, ही वाटणी मला पटत नाही. गणिताच्या तासाला सेंटिमीटर शिकणाऱ्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, स्वतःच्या कपड्याची उंची कमी करता आलीच पाहिजे. धावदोरा, टीप आणि हातशिलाई एवढं आलं तरी पुरतं.

या रविवारी एक करून बघा. घरातल्या सगळ्यात चोखंदळ माणसाला त्याचा न आवडणारा एक कपडा घालायला सांगा. तो काय म्हणतो ते वहीत लिहा आणि त्याच्यासमोर सेंटिमीटरमध्ये आकडा लिहा. बघा, किती तक्रारी नखरे निघतात आणि किती माप!