शाश्वततेचा हिशेब बांधावर सुरू होतो

कृषी पदवीधरांच्या रोजगाराचा विचार आजवर शासकीय सेवा, बँका आणि बियाणे-खत कंपन्यांचा विक्री विभाग एवढ्याच चौकटीत होत आला. आता त्यात कंपन्यांच्या शाश्वतता विभागाची भर पडली आहे. सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाची पद्धत आणली आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. ऊर्जा, पाणी, कचरा आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जन यांची माहिती त्यात द्यावी लागते.

या कामाला व्यवस्थापनाची पदवी पुरेशी आहे, असा समज आढळतो. शेतमालावर उभ्या असलेल्या उद्योगांत तो टिकत नाही. अन्नप्रक्रिया किंवा वस्त्रोद्योगातील कंपनीचा पर्यावरणावरील भार बव्हंशी कारखान्याच्या कुंपणाबाहेर, कच्चा माल पिकतो त्या शेतात असतो. उत्सर्जनाच्या हिशेबात तो ‘स्कोप-३’ या वर्गात येतो आणि तोच मोजण्यास सर्वांत अवघड असतो.

युरियाचे उदाहरण पाहावे. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतील ढोबळ गुणकानुसार त्यातील १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने थेट हवेत जाते. शंभर वर्षांच्या कालावधीत या वायूचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट धरला जातो. या हिशेबाने एका गोणीमागे जवळपास ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. गणित सोपे आहे. कठीण आहे तो पहिला आकडा. खरेदी केलेल्या गोण्यांपैकी किती कोणत्या पिकाला, केव्हा आणि कशा दिल्या, हे पावतीवरून कळत नाही. ते विचारण्याची रीत आणि उत्तर पारखण्याची नजर विस्तार कार्यकर्त्याकडे असते.

आकडा चुकल्यास झळ शेतकऱ्याला बसते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमात कॉफी व रबर यांचा समावेश आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरील माल त्यानुसार वर्ज्य असून, मळ्याचे अक्षांश-रेखांश देणे आवश्यक आहे. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी दिशा स्पष्ट आहे. कोडगू किंवा चिकमगळूरच्या लहान मळेवाल्याच्या सीमा चुकीच्या नोंदल्या गेल्या, तर दोष नोंदणाऱ्याचा असूनही माल त्याचा अडकेल.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या कृषी पदवीधराने चार कौशल्ये अंगी बाणवावीत: उत्सर्जन व पाणीवापराचा हिशेब मांडणे, मोबाइलवरून शेताची हद्द अचूक नोंदणे, नमुना निवडून माहिती पडताळणे आणि क्षेत्रावरील वास्तव अहवालाच्या भाषेत न वाकवता मांडणे. यांतील शेवटचे सर्वांत मोलाचे आहे. कंपनीला शोभेल असा आकडा हवा असताना खरा आकडा लिहिणे हीच या व्यवसायाची कसोटी होय.

शिक्षणसंस्थांनीही पुढे यावे. ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळात विद्यार्थ्यांच्या गटाने एका गावाचा खत, पाणी व डिझेल यांचा हिशेब मांडावा. कृषी विज्ञान केंद्रांनी कार्यरत विस्तार कर्मचाऱ्यांसाठी अल्पमुदतीची प्रशिक्षणे घ्यावीत.

प्रगतिशील शेतकऱ्यांनी आपली नोंदवही अद्ययावत ठेवावी. मात्र ती देताना माहिती कशासाठी वापरली जाणार आणि नोंदी ठेवण्याच्या श्रमाचा मोबदला काय, हे विचारावे. शेतकरी उत्पादक कंपनीने हा प्रश्न एकत्रितपणे मांडल्यास उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. कंपनीच्या अहवालातील आकडा शेतकऱ्याच्या वहीतून येत असेल, तर त्या आकड्याच्या मूल्यात त्याचाही वाटा असणे न्याय्य आहे.