ताबा मेटलंडांचाच

टिम बर्टनच्या ‘बीटलज्यूस’चा विषय निघाला की दोन शेरे हमखास ऐकू येतात. पहिला : हा सगळा मायकेल कीटनचा खेळ, बाकीचे नुसते भरतीला. दुसरा : भुताचा सिनेमा म्हणावा तर भीती नाही, गोष्ट म्हणावी तर तिला बूड नाही. शेरे देणाऱ्यांनी सिनेमा पाहिलेला असतो. त्यातल्या घराकडे मात्र त्यांचं लक्ष गेलेलं नसतं.

आधी कीटनचा हिशेब. १९८८चा हा सिनेमा जेमतेम ९२ मिनिटांचा. त्यात बीटलज्यूसच्या भूमिकेतला कीटन पडद्यावर असतो सतराएक मिनिटं. तो आला की दुसऱ्या कुणाकडे बघवत नाही, हे कबूल. (मृगातल्या काक्षी ताऱ्याच्या इंग्रजी नावावरून बीटलज्यूसचं नाव, ते तीनदा उच्चारलं की स्वारी हजर.) पण तो आहे कोण? घरात शिरलेली माणसं हुसकावून देण्याची सुपारी घेणारा गुंड. सुपारी देणाऱ्यांची गोष्टच काढून टाकली, तर त्याला धंदा उरत नाही.

सुपारी देणारे ॲडम आणि बार्बरा मेटलंड. कनेक्टिकटमधल्या विंटर रिव्हर या काल्पनिक गावात टेकडीवर त्यांचं घर. सुट्टी घरीच काढायची, भिंतींना कागद लावायचा, माळ्यावर गावाची छोटी प्रतिकृती पुरी करायची, एवढीच हौस. कुत्र्याला वाचवताना त्यांची गाडी छपराच्या लाकडी पुलाची बाजू फोडून अधांतरी लटकते. फळीच्या दुसऱ्या टोकावर तोच कुत्रा. तो खाली उतरतो आणि गाडी नदीत. दोघं ओलेचिंब घरी येतात, तर आरशात दिसत नाहीत. आता नियमाप्रमाणे सव्वाशे वर्षं मुक्काम इथेच. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की वाळवंट, आणि त्यात आगगाडीएवढे वाळूकिडे. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या डीट्झ कुटुंबानं घर विकत घेतलेलं. खरेदीखत त्यांचं, वहिवाट यांची.

आपल्याकडचा समंध आठवा. निपुत्रिक गेलेला, जीव जागेत नाहीतर पुरलेल्या हंड्यात अडकलेला. मेटलंडांनाही मूल नाही. घरं विकणारी दलालबाई सुरुवातीलाच ‘एवढं घर मुलाबाळांच्या कुटुंबाला शोभेल’ अशा अर्थाचं बोलून बार्बराच्या वर्मावर बोट ठेवते. पण समंधाच्या वाटेला गाव जात नाही. मेटलंडांच्या घरात मात्र लोक सामान घेऊन शिरतात.

म्हणजे भीती नाही ही तक्रार खरी, पण ती चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. घाबरवता न येणं हाच या सिनेमाचा विषय. बार्बरा कपाटात स्वतःला लटकवून घेते, तोंडाची कातडी सोलून काढते. डीलिया डीट्झ आणि तिचा सजावटकार ओथो दार उघडून आरपार बघतात. त्यांना दिसतं ते फक्त कपाट. मग दोघं चादरींना डोळ्यांपुरती भोकं पाडून कण्हत फिरतात. डीट्झांची मुलगी लिडिया त्यांचे फोटो काढते आणि फोटोत चादरीखाली पाय नसल्याचं तिच्या ध्यानात येतं. आपल्या भुतांचे पाय निदान उलटे तरी असतात.

मग ते प्रसिद्ध जेवण. पाहुण्यांसमोर डीलिया एकाएकी हॅरी बेलाफॉन्टेच्या आवाजात गाऊ लागते, मागोमाग सारं टेबल नाचतं, शेवटी वाडग्यांतली कोळंबी हात होऊन तोंडावर झडप घालते. लोक हा प्रसंग गंमत म्हणून लक्षात ठेवतात. पण गाणं कोणतं आहे ते पाहा. रात्रभर जहाजावर केळी चढवून दमलेल्या आणि आता घरी जायची वाट बघणाऱ्या जमैकन मजुरांचं ते लोकगीत. आपल्याच घरात उपरे झालेल्या दोघांनी घुसखोरांच्या तोंडून ते वदवावं! हे कुणी ठरवून केलं असो वा नसो, पडद्यावर ते नेमकं बसलं आहे. आणि परिणाम? पाहुणे पळत नाहीत, खूश होतात. डीलियाचा नवरा चार्ल्स तर या भुतांवर पर्यटनाचा धंदा उभारायला निघतो. ज्याला प्रत्येक गोष्टीत गिऱ्हाईक दिसतं, त्याला भुतानं घाबरवायचं तरी कसं?

शेवटच्या अर्ध्या तासात पटकथा धापा टाकते, हे मान्य. लिडियाशी बीटलज्यूसचं जबरीचं लग्न म्हणजे गुंता सोडवायची घाई. ‘ट्रिका स्वस्तातल्या वाटतात’ हा आक्षेप मात्र मी मोजत नाही. दीड कोटी डॉलरच्या खर्चात दृश्यचमत्कारांच्या वाट्याला आले दहा लाख, आणि बर्टनला ती बाहुलीकाम दिसणारी करामतच हवी होती. रंगभूषेला तर ऑस्कर मिळालं.

गोष्ट मेटलंडांचीच, याबद्दल कुणाला अजून शंका असेल तर २०२४चा दुसरा भाग बघावा. त्यात बीटलज्यूस आहे, लिडिया आहे, डीलिया आहे, मेटलंड नाहीत. नियमातली पळवाट सापडून ते पुढे गेले, असं एका वाक्यात सांगून मोकळे. घराला आता मालक आहेत, जीव अडकलेलं कुणी नाही. मला तो भाग बघताना सारखं माळ्याकडे लक्ष जात होतं.

पहिल्या भागाच्या शेवटी लिडिया शाळेतून घरी येते. मेटलंड तिला परीक्षेचं विचारतात. बेडूक कापायला नकार दिला म्हणून विज्ञानात ‘सी’, पण गणितात ‘ए’. बक्षीस म्हणून तिला जिन्यापाशी अधांतरी तरंगत नाचायला मिळतं. भिंतींवर पुन्हा मेटलंडांच्या पसंतीचा कागद चढलेला असतो.