आजी कुठे गेली?

बारशाला बाळाच्या नावावरून होत नसेल एवढा खल सध्या आमच्या घरात फायलींच्या नावांवरून चाललाय. हसू नका! याच नावांपायी परवा माझ्या धाकट्या भावाची वर्षभराची मेहनत पाण्यात जाता जाता वाचली. आणि गुन्हेगार कोण? अस्मादिक!

त्याचं झालं असं. भावाने गेल्या वर्षी बरी चाललेली नोकरी सोडली आणि कम्प्युटर गेम बनवायला घेतला. एक मुलगी, एक जुना वाडा आणि झोपाळ्यावर बसून गोष्टी सांगणारी आजी. संवाद माझे, बाकी सगळं त्याचं. तो विंडोजवर काम करतो, मी मॅकवर. दोन्हीकडे गेम एकदम मक्खन! मग पैसे लावू शकतील अशा एका गृहस्थांनी डेमोला बोलावलं. त्यांच्याकडे होता लिनक्सचा लॅपटॉप. वाडा उघडला, दिवे लागले आणि बघतो तर झोपाळा रिकामा. आजी गायब! पाठोपाठ गेमही बंद पडला. रिक्षातून घरी येताना भाऊ एक शब्द बोलला नाही. त्याच्या सेव्हिंग्जवर आता जेमतेम तीन महिने निघतील, हे मला माहीत होतं.

रात्री कारण सापडलं. प्रोग्रॅम आजीचं चित्र स्मॉल 'ए'ने शोधत होता. मी मात्र फायली आवरताना आजीला कॅपिटल 'ए' देऊन टाकला होता. आजी म्हटल्यावर तेवढा मान नको? विंडोज आणि मॅक त्यांच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन्ही 'ए' एकच धरतात, म्हणून आम्हाला पत्ताच लागला नाही. लिनक्सला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात.

"अरे, ते मी केलं," मी कसंबसं म्हटलं. मला वाटलं, आता महाभारत. तो म्हणाला, "ताई, नियम मी आधीच ठरवायला हवा होता. चहा टाक, आत्ता ठरवू."

मग पहाटेपर्यंत आमचं बारसं चाललं. सगळी नावं स्मॉल लेटर्समध्ये. फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. आजीत 'ए' दोनच, दर वेळी. मध्ये स्पेस नाही. 'वाडा' लिहून पुढे कोलन देऊन 'रात्र' हे माझं लाडकं नाव बाद, कारण लिनक्सला चालणारा कोलन विंडोज फाइलच्या नावात घेत नाही. जादा आवाजांच्या फोल्डरला मी 'ऑक्स' सुचवलं, तर भाऊ किंचाळलाच. ऑक्स, कॉन, नल ही नावं डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखीव आहेत. म्हणजे सोसायटीतलं ठरलेलं पार्किंगच म्हणा ना!

राहिलं आडनाव, म्हणजे एक्स्टेन्शन. डबल क्लिक केल्यावर कुठला प्रोग्रॅम उघडायचा, हे विंडोज त्यावरूनच ठरवतं. भावाने गेमच्या डेटाला डॉट डीएटी लावलं होतं. पण ते आडनाव कितीतरी प्रोग्रॅम वापरतात, म्हणजे आमची फाइल भलत्याच्याच घरी जायची. 1993 च्या 'डूम'ने यासाठी डॉट वॅड वापरलं होतं: 'व्हेअर्स ऑल द डेटा?' तेव्हा डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचं आणि आडनाव तीनच. 1999 च्या 'क्वेक थ्री'चं डॉट पीके थ्री तर आतून साधी झिप फाइल! लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून मुलगी आतून थोडीच बदलते?

विंडोज 95 पासून तीन अक्षरांची सक्ती सुटली. मग काय, मी म्हटलं, "त्यांचं वॅड, तर आपलं वाडा!" चार अक्षरी, स्मॉलमध्ये. भाऊ त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

सकाळी मित्राच्या लिनक्स मशीनवर गेम लावला. झोपाळा हलला. आजी होती.

त्या गृहस्थांनी मंगळवारी पुन्हा बोलावलंय. होकार येईल की नाही, देव जाणे. पण या वेळी तिन्ही मशीनवर तपासूनच जाणार आहोत. आणि आजीचा मान? फाइलच्या नावात ती लहान असली, तरी स्क्रीनवर तिचं नाव छान ठसठशीत मराठीत झळकतं. आमच्या भाषेत कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही, किती बरं!