क्यूबाचा ऊस, वऱ्हाडचा कापूस आणि आपले वावर



लागणीचे दिवस आले की आमच्या गट ऑफिसच्या ओट्यावर एकच बोलणे ऐकू येते. "सायेब, कापसाले बोंडअळी, सोयाबीनले भाव नाही. यंदा सारं वावर उसाखालीच टाकतो. नोंद घेऊन घ्या." ऊस विकास अधिकारी या नात्याने आम्हांस हे ऐकून आनंद व्हायला हवा. नोंदीचे क्षेत्र वाढविणे हेच तर आमचे काम. तरीही "सारं वावर" हे शब्द कानी पडले की आम्ही दचकतो. का दचकतो, ते सांगण्यासाठी सभासदांस जरा दूरच्या मुलखात नेतो.

अमेरिकेच्या दक्षिणेस क्यूबा नावाचे बेट आहे. कोलंबस तेथे १४९२ साली पोचला आणि पुढे १८९८ पर्यंत त्या बेटावर स्पेनची सत्ता राहिली. ऊस त्या मातीतला नव्हे. तो स्पॅनिश लोकांनी नेला. शेजारच्या हैतीत १७९१ साली गुलामांनी उठाव केला, तेथील मळे बुडाले आणि साखरेचा बाजार क्यूबाच्या हाती आला. मग जंगले तोडून ऊस लावला, आफ्रिकेतून माणसे पकडून आणून तो तोडून घेतला. १८३७ साली तेथे आगगाडी सुरू झाली. आपल्या मुंबई-ठाणे गाडीच्या सोळा वर्षे आधी, आणि खुद्द स्पेनमध्ये गाडी येण्याच्याही आधी! कशासाठी? साखर बंदरावर नेण्यासाठी. गुलामगिरी १८८६ साली कायद्याने संपली. उसावरचे परावलंबन काही संपले नाही.

स्पेन गेला, पण गिऱ्हाईक म्हणून अमेरिका राहिली. मे १९२० मध्ये कच्च्या साखरेचा भाव पौंडाला साडेबावीस सेंट झाला. लोकांनी कर्जे काढून ऊस वाढविला. वर्ष संपायच्या आत भाव चार सेंटांच्या खाली! बँका बुडाल्या आणि कितीतरी कारखाने अमेरिकन बँकांच्या घशात गेले. १९५९ साली क्रांती झाली. १९६० मध्ये अमेरिकेने साखरेचा कोटा तोडला, तेव्हा रशिया गिऱ्हाईक झाला. १९७० साली एक कोटी टन साखरेचा संकल्प सोडला. सारा देश तोडणीला जुंपला, बाकीचे उद्योग अडले, आणि साखर निघाली सुमारे ८५ लाख टन. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, भाव देणारे गिऱ्हाईक गेले. २००२ साली जवळजवळ निम्मे कारखाने बंद केले. २०२४-२५ च्या हंगामात तर तेथील उत्पादन दोन लाख टनांच्याही खाली आले. ज्या देशाने जगाला साखर खाऊ घातली, तो आज साखर विकत आणतो.

"पण सायेब, आपल्याले त्याचं काय?" असे कोणी विचारील. बापूंनो, आपल्या आज्यापणज्याने हेच भोगले आहे. तेथे ऊस, येथे पऱ्हाटी, एवढाच फरक. १८५३ साली निजामाने कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीस सोन्याचे मोल आले. १८६७ पर्यंत गाडी अकोल्यावरून नागपूरपर्यंत गेली. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाट्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. क्यूबात गाडी साखरेसाठी, येथे कापसासाठी. पण युद्ध १८६५ साली संपताच भाव कोसळला होता. माल आपला, भाव लिव्हरपूलचा! आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात पांढरे सोने पिकविणाऱ्या या मुलखात माणसे उपासमारीने मेली. कापूस खाता येत नाही.

आता कोणी म्हणेल की त्यांचे मालक परके होते, आपला कारखाना सहकारी आहे. हे अगदी खरे, आणि लहानसहान नाही. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभे केले, त्यामुळे शेतकरी गव्हाणीचा धनी झाला. सरकारने २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त भाव ठरविला, हाही आधार आहे. पण सहकाराने कारखान्याचा मालक बदलतो. पाऊस, रोग आणि बाजार बदलत नाहीत. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर दिल्लीहून निर्बंध आले, तेव्हा इथेनॉलसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांचा हिशेब एका दिवसात बदलला, हे आपण पाहिले.

रोगाचेही तसेच. क्यूबात बी ४३६२ ही एकच जात सुमारे एक तृतीयांश क्षेत्रावर होती. १९७९-८० मध्ये तिच्यावर तांबेरा पडला आणि देशाची साखर दहा लाख टनांहून अधिकाने घटली. आपल्याकडे उत्तर प्रदेशात को ०२३८ ने आधी भरभराट केली, मग लाल कूज आली आणि शेतेच्या शेते वाळली. महाराष्ट्रात सर्वांत मोठे क्षेत्र को ८६०३२ चे आहे. जात चांगलीच आहे, पण चांगल्या जातीवरही सारा डाव लावू नये.

येथे आमची चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका सभासदास आम्हीच आग्रह करून सगळे आठ एकर उसाखाली आणविले. विहिरीचे पाणी आम्ही दिवाळीत पाहिले होते; एप्रिलमध्ये पाहिले नव्हते. मे महिन्यात ऊस वाळला, खोडवा तर ठेवताच आला नाही. ज्वारी नव्हती, कडबा नव्हता, बैलजोडी विकावी लागली. त्यांनी आम्हांस एक शब्दही वावगा काढला नाही, म्हणूनच ते अधिक लागले.

म्हणून आमचे म्हणणे असे. ओलिताच्या जमिनीपैकी निम्म्याहून अधिक ऊस लावू नका. उरलेल्यात तूर, हरभरा, पऱ्हाटी आणि घरापुरती ज्वारी राहू द्या. एप्रिलचे पाणी पाहून लागण ठरवा, दिवाळीचे पाहून नव्हे. ठिबक बसल्यावरच क्षेत्र वाढवा. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, तेथील विहिरीच्या पाण्यावर ऊस लावण्याचा हट्ट धरू नका. बेणे मळ्यात दोन तरी जाती ठेवा.

यामुळे नोंदीचे क्षेत्र घटेल, आणि आमच्या अहवालातला आकडाही. पण निम्म्या वावरातला भरघोस ऊस आणि त्याचा चांगला खोडवा हा साऱ्या वावरातल्या तहानलेल्या उसापेक्षा कारखान्यालाही जास्त टनेज देतो. गव्हाण चालायची असेल तर आधी सभासद टिकला पाहिजे.

असो. पुढल्या वेळी ओट्यावर याल, तेव्हा सातबारा आणाच; पण विहिरीचे एप्रिलचे पाणीही सांगा. नोंद आम्ही त्यानंतरच घेऊ.