नातवंडाचा पापा आणि आपली सर्दी

हिवाळा आला की आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते, "तान्ह्या बाळाला सर्दी व्हायचीच." मुलांच्या वॉर्डात इतकी वर्षे ड्युटी केल्यावर मला ते पटत नाही.

आर.एस.व्ही. नावाचा विषाणू मोठ्या माणसाला बहुधा नुसती सर्दी देतो. दोन महिन्यांच्या बाळाच्या श्वासनळ्या मात्र इतक्या बारीक, की थोडी सूज आणि चिकट कफ यांनीच त्या बुजतात. बाळ दूध सोडते, छाती घरघरते. ऑक्सिजनवर ठेवलेली अशी बाळे आठवडाभरात घरी जात, आईबाप म्हणत, सुटलो! त्यांतली काही पुढे शाळेच्या वयात पंप घेऊन परत दिसत.

स्वीडनमध्ये या विषाणूने इस्पितळात आलेल्या 47 बाळांवर 18 वर्षांपर्यंत लक्ष ठेवले. त्यांच्यात दमा किंवा वारंवार घरघर 39 टक्के, इतरांत 9 टक्के. विषाणूच दमा देतो, की मुळात नाजूक नळ्यांची मुलेच जास्त आजारी पडतात, हा वाद डॉक्टरांत अजून चालू आहे. तो मिटेपर्यंत बाळाला आजारी का पाडावे?

आणि हा विषाणू घरात आणतो कोण? गानमधून येणारे थोरले भावंड, आणि आपण. मी नर्स असून, नाक गळत असताना ब्रीत मिलाच्या दिवशी नातवाला छातीशी धरून पापे घेतले. पाच दिवसांनी तो इस्पितळात. माझ्याकडूनच गेले का, कोण सांगणार? आज तो नऊ वर्षांचा आहे. फुटबॉलच्या पिशवीत निळा पंप असतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. सर्दी असेल तर मलिद्याला जा, पण बाळाला दुरून बघा. निरोगी असलात तरी आधी हात धुवा. बाळ हातोहात फिरवू नका. कोणाला राग आला तर येऊ दे. बाळाच्या खोलीत सिगारेट नको, धूपही नको. छातीला कापूर चोळू नका, वर्षाच्या आत मध चाटवू नका (आमच्या आजीने चाटवला होता, ठाऊक आहे!).

आता गरोदर आईसाठी लस आहे, बाळासाठी निर्सेव्हिमॅबचे इंजेक्शन आहे. सुनेला, लेकीला तिपत खलावमध्ये विचारायला सांगा. साठीपुढच्यांसाठीही लस आहे, आपणही कुपत खोलिमच्या डॉक्टरांना विचारा.

बाळ नेहमीच्या निम्मेच दूध पीत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच इस्पितळ गाठा. शब्बाथ असला तरी गाडी काढा. जीव वाचवायला आपल्या धर्माची मुभा आहे.