खोक्याची किंमत

गेल्या दिवाळीची गोष्ट. थोरला पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी आला. चहा झाला, आंघोळ झाली आणि साहेब थेट माळ्यावर चढले. मला वाटलं, आकाशकंदील शोधतोय. मनातल्या मनात कौतुकही केलं. तासाभराने डोक्यावर जळमटं घेऊन खाली उतरला आणि म्हणाला, "आई, माझा टीव्ही गेम कुठाय?"

"तो होय? दिला की भंगारवाल्याला. झाली दहा-बारा वर्षं."

"खोक्यासकट?"

"मग खोका काय पुजायला ठेवू?"

पोरगा मटकन खाली बसला. "आई, त्या खोक्याचीच तर किंमत होती गं!"

मैत्रिणींनो, आजवर मी घरातलं सोनं मोडलं, जुन्या साड्या देऊन भांडी घेतली, पण रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी कुणी मला असं बोललं नव्हतं. राग आला. आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

तो गेम आम्ही घेतला १९९९ साली. त्याच वर्षी १ मे रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. धान विकून हातात चार पैसे आले होते. ह्यांनी गोरेलाल चौकाकडच्या बाजारातून खोका आणला. दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेट चालली नाही की मुलं ती तोंडाजवळ धरून फुंकायची आणि ती चालायचीसुद्धा! गल्लीतली दहा पोरं आमच्या बैठकीत. मारिओ उडी मारणार तेवढ्यात वीज जायची आणि सगळे एका सुरात ओरडायचे.

आता कळलं की जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचं यंत्र काढलं होतं, आणि आपल्याकडे घरोघरी आलेले बहुतेक टीव्ही गेम त्याच्याच नकला होत्या. म्हणजे आमचा गेम ना अस्सल, ना दुर्मीळ. तरी त्याच्यासाठी एवढा जीव का जळावा?

दिवाळीचे चार दिवस लेकाने माझी शिकवणीच घेतली. जगभर जुने व्हिडिओ गेम जमवणारे लोक आहेत आणि त्यांचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे 'लिमिटेड एडिशन'. यंत्र आतून नेहमीचंच. वेगळा असतो रंग, शिक्का आणि मुख्य म्हणजे आकडा.

सोनीच्या प्लेस्टेशनला वीस वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०१४ साली, कंपनीने जुन्या पहिल्या प्लेस्टेशनच्या करड्या रंगात नवा पीएस-४ काढला. किती? फक्त १२,३००. हा आकडाच का? तर पहिलं प्लेस्टेशन जपानात ३ डिसेंबरला आलं होतं. बारावा महिना, तिसरा दिवस! प्रत्येक नगावर क्रमांक. अमेरिकेत किंमत होती पाचशे डॉलरच्या आसपास, पण हातोहात संपल्यावर लोकांनी तो कितीतरी पटीने विकला. पहिल्या क्रमांकाच्या नगाला तर जपानमध्ये धर्मादाय लिलावात दीड कोटी येनच्या वर बोली लागली. २०२४ मध्ये तीस वर्षं झाली, तेव्हा पीएस-५ प्रोच्या खास संचासाठी पुन्हा तोच १२,३०० चा आकडा. सेगाच्या ड्रीमकास्टची 'हॅलो किटी'वाली गुलाबी आवृत्ती निघाली ती तर जपानपुरतीच. आपल्याकडच्या हौशी माणसाला असं काही हवं असेल तर परदेशातून मागवा, वर कस्टम भरा.

पण कमी संख्या एवढंच पुरत नाही. खोका हवा, माहितीपुस्तक हवं, आतला थर्माकोलसुद्धा हवा. प्लास्टिक उन्हाने पिवळं पडलेलं नको. आणि सगळ्यात वर, वस्तू कुणी उघडलेलीच नसेल तर मग विचारूच नका. 'सुपर मारिओ ६४' हा १९९६ चा गेम जगात एक कोटीहून जास्त खपला. म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. पण त्याची एक सीलबंद प्रत जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. आपले साडेअकरा कोटी रुपये! तिची किंमत कशाची? तर कुण्या पोराने ती कधी खेळलीच नाही याची.

इथे मात्र माझं आणि लेकाचं जमलं नाही. मी म्हटलं, अरे, खेळणं न खेळता ठेवलं म्हणून त्याचा भाव? मग ती कोट न मोडलेली पैठणीच झाली की! आयुष्यभर ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. घडी मोडली तेव्हा चिरली. आणि कंपनीने मुद्दाम कमी नग काढायचे, आपण त्यासाठी धावायचं, मधल्या दलालाने मलई खायची, ही कसली दुर्मीळता? त्या सीलबंद प्रतीच्या लिलावानंतर तर भाव मुद्दाम फुगवले जातात की काय, अशी शंका जाणकारांनीच उघड घेतली. ज्या घरात महिन्याच्या पगाराचा हिशेब मांडावा लागतो, तिथे 'पुढे किंमत येईल' म्हणून असलं काही घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

लेक हसला. म्हणाला, "आई, तू पितळी गुंड किती वेळा आठवतेस?"

मी गप्प. कारण ती माझी दुखरी नस. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचा जिल्हा आणि आपण त्याच्याच पोटचे. माझ्या सासूबाईंकडे पितळी गुंड, गंगाळ, परात, काय नव्हतं? मग घरोघरी स्टील आलं. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही. आम्ही सगळ्यांनी किलोच्या भावाने पितळ मोडीत घातलं. आज तसाच गुंड शहरातल्या दुकानात शोभेला मांडलेला दिसतो, तेव्हा किमतीची चिठ्ठी वाचून मीच मटकन बसते!

म्हणजे दुर्मीळ होण्याचे दोन रस्ते. एक, कंपनी मोजून काढते. दुसरा, आपण वापरतो, झिजवतो, मोडीत घालतो आणि चुकून एखादी उरते. मला त्या दुसऱ्या रस्त्याने आलेली वस्तू खरी वाटते. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंय ना? दिनकर केळकरांनी जन्मभर हिंडून जमवलं काय? तर दिवे, अडकित्ते, वज्र्या. बायकांच्या हातात रोज असलेल्या वस्तू. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं. पत्नी कमलाबाई पाठीशी होत्या, म्हणून तो डोलारा उभा राहिला. १९७५ मध्ये हे सगळं त्यांनी शासनाच्या स्वाधीन केलं. तिथला एकही अडकित्ता सीलबंद नाही. सुपारी कातरून कातरून गुळगुळीत झालेलेच आहेत.

हे मी धाकटीला फोनवर सांगत होते. ती नागपूरला असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादाचा गेम गेला म्हणून तुला एवढं वाईट वाटतंय. मला तो रिमोट मिळायचाच कधी गं? दादा आणि त्याचे मित्र दमले की. तेवढ्यात तू हाक मारायचीस, तांदूळ निवडायला ये म्हणून."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच होतं ते. लेकाच्या त्या जमवणाऱ्या मित्रांत एकही मुलगी कशी नाही, याचं कोडं चार दिवस मला पडलं होतं. ते तिने एका वाक्यात सोडवलं. लहानपणी जे हातात मिळालं, त्याचीच मोठेपणी ओढ लागते. ज्याला मिळालंच नाही, त्याने काय जमवायचं? गेम ह्यांनी दोघांसाठी आणला होता. रिमोट दोन होते. दुसरा रिमोट शेजारच्या पोराच्या हातात का असायचा, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या घरातही असा कुणी जमवणारा असेल तर त्याला वेडा म्हणू नका. माळा साफ करताना एकदा फोन करून विचारा. ठेवायचंच असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला ओल आणि वाळवी लागते, तेव्हा खोका जमिनीवर ठेवू नका, सेल काढून ठेवा. पण त्यालाही सांगा, महागाची वस्तू आणलीस तर खेळ बाबा, नुसती काचेत ठेवू नकोस. आणि घरातल्या मुलीलाही विचारा, तुला काय ठेवू?

मी विचारलं. ती म्हणाली, "तो पोचा आलेला पितळी तांब्या आहे ना, आजीचा? तो." मोडीतून एवढाच वाचला होता, कारण भंगारवाल्याने पोच्यासाठी वजनात कापलं आणि सासूबाई त्याच्याशी भांडून तो परत घेऊन आल्या होत्या. मी चिंच लावून घासून ठेवला आहे. जानेवारीत ती येईल तेव्हा नेईल. लेकाने म्हणे तसाच गेम कुणाकडून तरी खोक्यासकट मिळवला आहे. किंमत काही सांगत नाही, यावरूनच मी समजले! पण उन्हाळ्यात तो इकडे घेऊन येणार आहे. मी त्याला सांगून ठेवलंय, पहिला रिमोट या वेळी धाकटीला.