पुलांचे बळी आणि पुराचे निमित्त

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. मुंबई-गोवा महामार्गावरील दोन एस. टी. गाड्या व काही खाजगी वाहने नदीने गिळली. सुमारे ४० माणसे प्राणास मुकली. मागून येणाऱ्या वाहनांना धोक्याची सूचना प्रथम दिली ती पुलालगतच्या गॅरेजमधील एका कामगाराने. अशा प्रत्येक प्रसंगी अतिवृष्टीकडे बोट दाखवले जाते. निसर्गावर खटला भरता येत नाही, ही त्यातली सोय!

वस्तुतः पूर पुलाला वरून क्वचितच पाडतो. खांबाला अडलेले पाणी त्याच्या पायथ्याशी भोवरे करते व तेथील वाळू उपसून नेते. पूर ओसरला की तो खड्डा सैल गाळाने भरतो, आणि वरून पाहणाऱ्यास सारे ठीक दिसते. त्यातच नदीतील वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर नदीचा तळच खाली जाऊन पाया उघडा पडतो. म्हणूनच पाण्याखाली उतरून पाया तपासल्याखेरीज केलेल्या पाहणीला काडीचा अर्थ नसतो. सावित्रीवरील पुलाची मे २०१६ मध्ये तपासणी झाली होती व त्यात धोका आढळला नव्हता, असे शासनानेच नंतर सांगितले. तीन महिन्यांत खोटा ठरणारा हा निर्वाळा कोणत्या तपासणीवर आधारलेला होता?

पैसा नव्हता, ही सबबही टिकत नाही. त्याच ठिकाणी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. म्हणजे पैसा होता, तंत्रज्ञ होते, कामगार होते. उणीव होती ती निकडीची, आणि ती भरून काढण्यास माणसांचे बळी लागले. कोनशिलेवर मंत्र्याचे नाव कोरले जाते. बेअरिंग बदलल्याची, तडे बुजवल्याची, पाया सावरल्याची कोनशिला कोणी बसवत नाही. म्हणून नव्या बांधकामास निधी मिळतो आणि डागडुजीला कात्री लागते.

९ जुलै २०२५ रोजी गुजरातेत मही नदीवरील गंभीरा पुलाचा गाळा कोसळला व २० हून अधिक माणसे दगावली. हा पूल ब्रिटिशांचा नव्हता. तो १९८५ चा, अवघ्या ४० वर्षांचा होता. अपघातानंतर चार अभियंते निलंबित झाले. दोषी अभियंत्यास शिक्षा झालीच पाहिजे. परंतु दुरुस्तीचा निधी अडवणारा हात कधी निलंबित होतो काय?

यावर पूल खाजगी कंपन्यांच्या हाती द्यावेत, असा उपाय सुचवला जातो. त्यांनी इटलीतील जिनोव्हाकडे पाहावे. १९६७ साली खुला झालेला तेथील मोरांदी पूल खाजगी टोल कंपनीच्या ताब्यात असताना १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला व ४३ जणांचा अंत झाला. काँक्रीटच्या आवरणाआड त्याचे ताणदोर गंजत होते. त्याच पुलाच्या एका मनोऱ्याचे दोर १९९० नंतरच्या दशकात बळकट केले गेले होते. जो मनोरा पडला, त्याचे मात्र नाही. अखेर २०२२ मध्ये इटलीला ती कंपनी सरकारी वित्तसंस्थेच्या पुढाकाराने विकत घ्यावी लागली.

तथापि, मालकी सरकारी असली की काम भागले, असे समाजवाद्यांनीही समजू नये. सावित्री व गंभीरा हे दोन्ही पूल सरकारीच होते. जनतेला हिशेब न देणारी सरकारी मालकी ही नोकरशाहीची मालकी होय. म्हणून मागणी नेमकी हवी: प्रत्येक पुलाची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, पायासह तपासणी व्हावी, अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, धोकादायक पुलावरील अवजड वाहतूक तत्काळ बंद व्हावी, देखभालीचा निधी अन्यत्र वळवण्यास बंदी असावी, पुलाच्या परिसरातील वाळूउपसा कठोरपणे रोखावा, आणि रस्त्यावर रोज नजर ठेवणारे मैलकुली ठेकेदाराचे नव्हे, तर खात्याचे कायम नोकर असावेत.

कार्यकर्त्यांनी यासाठी पुढच्या दुर्घटनेची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. आपापल्या तालुक्यातील पुलांचे तपासणी-अहवाल मागवावेत, ते ग्रामसभेत वाचावेत, आणि अहवालच नसेल तर त्याच पुलावर सत्याग्रहास बसावे. रात्रीच्या एस. टी.तून कामाच्या गावी निघालेल्या माणसाला पलीकडचा तीर गाठता यावा, एवढे उत्तरदायित्व शासनाकडून वसूल करणे हे पक्षाचे कर्तव्य आहे.